अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतल्या मुलांचं पुढे काय? अनुरक्षण समजून घेऊ या

बालगृहात वाढलेल्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या नजरेत तो 'बालक' राहत नाही. घरी वाढलेल्या मुलाला त्या वयात मतदानाचा अधिकार मिळतो, वाहन चालवायचा परवाना काढता येतो आणि रात्री तो आपल्याच घरी झोपतो. संस्थेतल्या मुलाला मतदानाचा अधिकार मिळतो, पण झोपायची जागा जाते. मग त्याची बारावी तोंडावर आलेली असो किंवा आयटीआयचं एक वर्ष बाकी असो. संस्थेतली मुलं याला 'अठराचं टेन्शन' म्हणत असतील तर नवल नाही. सोळावं-सतरावं लागलं की हा प्रश्न मनात ठाण मांडून बसतो आणि अभ्यासावरही त्याचा परिणाम होतो.

पुष्कळांचा समज असा की अठरानंतर सरकारची जबाबदारी संपते. ती संपत नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये अठरा ते एकवीस वयाच्या तरुणांसाठी वेगळी तरतूद आहे. सरकारी मराठीत तिला 'अनुरक्षण' म्हणतात आणि बोलताना सगळे 'आफ्टरकेअर' म्हणतात. तिच्यात काय मिळतं, ती कोण देतं आणि ती कुठे अडते, हे इथे सांगायचं आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. अठराव्या वाढदिवसाला सुरू केलेली मदत उशिराची असते. ही मदत चौदा-पंधराव्या वर्षापासून हळूहळू उभी करावी लागते, आणि तिच्यात पैशाइतकीच गरज एका ओळखीच्या, टिकून राहणाऱ्या माणसाची असते.

ही मुलं कोण असतात?

'अनाथाश्रम' हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की संस्थेतली सगळी मुलं अनाथच असतात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. कुणाची आई एकटी असते आणि कामामुळे मूल सांभाळू शकत नाही. कुणाचे वडील तुरुंगात असतात, कुणाला घरातल्या मारहाणीमुळे किंवा अत्याचारामुळे बाहेर काढलेलं असतं. कुणी रेल्वे स्टेशनवर सापडलेलं असतं, कुणाला बालमजुरीतून सोडवलेलं असतं. अशा मुलांना 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली बालकं' म्हणतात, आणि त्यांच्याबद्दलचे निर्णय जिल्ह्याची बालकल्याण समिती घेते. कायद्याशी संघर्ष झालेली मुलं वेगळी. त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं आणि ती निरीक्षणगृहात किंवा विशेषगृहात असतात. अनुरक्षणाचा मार्ग दोघांनाही खुला आहे.

देशभरात अशा संस्था किती आहेत याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा देते. केंद्र सरकारने २०१६-१७ मध्ये मोजणी करून घेतली तेव्हा ९,५८९ संस्था नोंदल्या गेल्या. लहान-मोठ्या हजारो इमारतींमधून दरवर्षी काही मुलं अठरा पूर्ण करून बाहेर पडतात.

तिसरा एक लहानसा गट आहे तो फॉस्टर केअरमधल्या मुलांचा. दत्तक न घेता एखादं कुटुंब मूल आपल्या घरी सांभाळतं, ती ही व्यवस्था. मराठीत तिला प्रतिपालकत्व म्हणतात. कायद्याच्या कलम ४४ मध्ये ती आहे, आणि २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही असं मूल सांभाळता येतं. भारतात ही व्यवस्था अजून फार पसरलेली नाही. इथे कायद्याच्या भाषेतली एक उणीव दाखवायलाच हवी. अनुरक्षणाची व्याख्या 'संस्थात्मक देखभालीतून बाहेर पडलेल्या' व्यक्तींसाठी आहे. मग कुटुंबात प्रतिपालित म्हणून वाढलेल्या आणि अठराव्या वर्षी त्या कुटुंबाने 'आता तुझं तू बघ' म्हटलेल्या मुलाचं काय? प्रतिपालकत्व वाढवायचं सरकारचं धोरण आहे. ते खरोखर वाढलं तर हा प्रश्नही वाढणार, म्हणून व्याख्या आत्ताच दुरुस्त व्हायला हवी.

कायदा नेमकं काय देऊ करतो?

कायद्याचं कलम ४६ अगदी छोटं आहे. अठरा वर्षं पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या बालकाला समाजात सामावून जाण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येईल, इतकंच ते सांगतं. 'देता येईल' म्हटल्यामुळे ते बंधनकारक राहत नाही. मदत मिळणं अधिकाऱ्याच्या तत्परतेवर आणि जिल्ह्याच्या सवयीवर अवलंबून राहतं.

खरा तपशील या कायद्याखाली केंद्राने केलेल्या २०१६ च्या आदर्श नियमांत आहे, नियम २५ मध्ये. त्यानुसार समिती, मंडळ किंवा बाल न्यायालय अनुरक्षणाचा लेखी आदेश देतं. तो एकवीस वर्षांपर्यंत लागू राहतो आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं वाढवता येतो. म्हणजे तेवीसपर्यंत. सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती घरं, व्यावसायिक प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, नोकरी लागेपर्यंत आधार, स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा असेल तर कर्ज आणि अनुदान मिळवून देणं, हे सगळं या नियमात आहे. नियमित संपर्कात राहील असा समुपदेशकही त्यात आहे, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. खर्चाचे पैसे थेट त्या तरुणाच्या बँक खात्यात जमा व्हावेत असंही नियम सांगतो.

प्रक्रिया कशी चालते तेही पाहू. संस्थेत आलेल्या प्रत्येक मुलाचा 'वैयक्तिक संगोपन आराखडा' करावा लागतो. नियमांतला नमुना ७ तो हाच. मूल कुठून आलं, त्याची तब्येत, शिक्षण, आवड, नातेवाईक, पुढची दिशा, असं सगळं त्यात यायला हवं आणि ते वेळोवेळी बदलतही राहायला हवं. बाहेर पडायच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), बालकल्याण अधिकारी किंवा केस वर्करने बाहेर पडल्यानंतरचा आराखडा करून समितीपुढे किंवा मंडळापुढे ठेवायचा असतो. त्यात अनुरक्षणाची शिफारस असते. आदेश होतो तो नमुना ३७ मध्ये. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने आपल्या जिल्ह्यात अनुरक्षणाला मदत करू इच्छिणाऱ्या संस्था आणि व्यक्तींची यादी तयार ठेवायची असते.

कागदावर ही साखळी नीट आहे. ती तुटते कारण बहुतेक ठिकाणी वैयक्तिक आराखडा हा तपासणीसाठी भरून ठेवायचा फॉर्म होऊन बसतो. मुलाशी बोलून तो केलेला नसतो. मग शेवटच्या दोन महिन्यांत धावपळ करून 'मुलाला नातेवाइकाच्या ताब्यात देत आहोत' असं लिहिलं जातं. ज्या घरातून मूल सुरक्षिततेसाठी बाहेर काढलं होतं, त्याच घरी ते दहा वर्षांनी परत पाठवलं जातं, आणि मधल्या काळात त्या घरात काय बदललं हे कुणी पाहिलेलं नसतं. याला पुनर्वसन म्हणणं मला पटत नाही.

पैसे किती, आणि ते पुरतात का?

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपये ठरवले आहेत. ही योजना म्हणजे २००९-१० पासून चालत आलेल्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेचं नवं रूप. महाराष्ट्रासारख्या राज्यांत खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो आणि प्रायोजकत्व (म्हणजे मुलाच्या संगोपनासाठी कुटुंबाला दिलेली आर्थिक मदत) व प्रतिपालकत्व मान्यता समितीत मंजूर होतो.

४,००० रुपयांत कुठल्याही शहरात एकट्याला खोली भाड्याने घेऊन जेवून-खाऊन राहता येत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. नियमांत गटाने राहायची घरं आहेत ती याच कारणाने. घर, प्रशिक्षण आणि रक्कम तिन्ही एकत्र मिळाली तर ४,००० रुपयांना अर्थ आहे. नुसती रक्कम दिली तर मुलगा शिक्षण सोडून मिळेल ते काम धरतो, आणि एकदा सुटलेलं शिक्षण बहुधा पुन्हा धरता येत नाही.

याच्या शेजारी एक दुसरी योजना ठेवून पाहा. कोविडच्या साथीत आईवडील गमावलेल्या मुलांसाठी केंद्राने पीएम केअर्स फॉर चिल्ड्रेन ही योजना आणली. त्यात प्रत्येक मुलाच्या नावे दहा लाखांचा निधी, अठरा ते तेवीस या वयात त्यातून दरमहा विद्यावेतन, तेवीस पूर्ण झाल्यावर ती रक्कम त्याच्या हातात, शिवाय आरोग्य विम्याचं संरक्षण. योजना चांगली आहे आणि नीट विचार करून आखलेली आहे. अठरानंतरच्या मुलाला काय लागतं हे सरकारला उत्तम कळतं, हेच तिच्यातून दिसतं. मग आई क्षयाने गेलेल्या आणि वडील अपघातात गेलेल्या मुलाला तेच का मिळू नये? मृत्यूच्या कारणावरून मुलाची गरज बदलत नाही.

हिमाचल प्रदेशाने याबाबतीत मोठं पाऊल टाकलं. २०२३ मध्ये तिथे सुख-आश्रय कायदा झाला. अनाथ आणि निराधार मुलांना त्याने 'राज्याची मुलं' मानलं आणि त्यांच्या आधाराची मर्यादा सत्तावीस वर्षांपर्यंत नेली. शिक्षणाचा खर्च, दरमहा हातखर्च, व्यवसायासाठी आणि घर बांधण्यासाठी मदत, हे सगळं त्याखाली येतं. योजना सरकार बदललं की बदलू शकते, कायदा सहसा टिकतो. म्हणून हिमाचलने कायदा केला याला महत्त्व आहे.

कागदपत्रांची लढाई

संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांशी बोलायला बसलं की पैशाच्या आधी विषय निघतो तो कागदपत्रांचा. फॉर्मवर 'कायमचा पत्ता' अशी चौकट असते. तिथे काय लिहायचं? वडिलांचं नाव माहीत नसेल तर? जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने ठरवलेली असेल आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळी, आधारवर वेगळी लागलेली असेल तर? एका अक्षराच्या चुकीपायी प्रवेश अडतो, शिष्यवृत्ती अडते. घरच्या मुलासाठी बाबा तहसील कार्यालयात चार खेटे घालतात. या मुलांसाठी ते खेटे कुणी घालायचे?

कायद्याने हे काम संस्थेवर टाकलेलं आहे. कलम ५३ मध्ये संस्थेने द्यायच्या सेवांची यादी आहे, तिच्यात जन्मनोंदणी आणि ओळखीचा पुरावा मिळवून देणं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे जन्मदाखला, आधार, बँक खातं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि बालकल्याण समितीच्या आदेशांच्या प्रती असलेली फाइल मुलाच्या हातात देणं हा संस्थेने केलेला उपकार नव्हे. समितीच्या आदेशांच्या प्रती विसरू नयेत. 'मी या तारखेपासून या तारखेपर्यंत शासनाच्या देखभालीत होतो' याचा तोच सगळ्यात भक्कम पुरावा असतो आणि पुढे प्रत्येक योजनेत तो मागितला जातो.

बँक खात्यासाठी तर अठराची वाट पाहायचीच गरज नाही. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं उघडून चालवायची मुभा देणाऱ्या सूचना काढल्या. चौदाव्या वर्षी मुलगी स्वतः बँकेत जाऊन स्लिप भरायला शिकली की अठराव्या वर्षी तिला त्या काउंटरची भीती वाटत नाही. पासपोर्टच्या नियमांतही २०१६ मध्ये सोय झाली. अनाथ मुलाकडे जन्मतारखेचा पुरावा नसेल तर संस्थाप्रमुखाने लेटरहेडवर दिलेलं जन्मतारखेचं घोषणापत्र चालतं.

जातीच्या दाखल्याचं दुखणं मात्र खोल आहे. महाराष्ट्रात त्यासाठी कुटुंबाचे जुने पुरावे मागतात. अनुसूचित जातीसाठी १९५० पूर्वीचे, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ पूर्वीचे, इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचे. ज्या मुलाला आपली आजीच ठाऊक नाही त्याने पणजोबांच्या शाळेचा दाखला आणायचा कुठून? त्यामुळे अशी मुलं वर्षानुवर्षं खुल्या गटातून स्पर्धा करत आली. संस्थेत वाढलेल्या एका मुलीने स्पर्धा परीक्षेत चांगले गुण मिळवूनही ती याच कारणाने मागे राहिली. तिने पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने अनाथांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांमध्ये एक टक्का समांतर आरक्षणाचा निर्णय घेतला. पुढे २०२१ आणि २०२३ मध्ये त्यात बदल झाले. संस्थेत वाढलेले आणि संस्थेबाहेर, नातेवाइकांकडे वाढलेले, असे दोन्ही प्रकारचे अनाथ आता त्यात येतात.

या आरक्षणासाठी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते मूल संस्थेत असतानाच काढून घ्यावं, कारण नंतर जुन्या नोंदी शोधणं फार जड जातं. आणि इथे पुन्हा तोच पेच उभा राहतो. आई हयात आहे पण मनोरुग्णालयात आहे, किंवा वडील कुठे आहेत कुणालाच माहीत नाही, अशा मुलाच्या वाट्याला हे प्रमाणपत्र सहज येत नाही. जगण्याच्या लढाईत त्याची अवस्था अनाथ मुलापेक्षा वेगळी नसते. अशा मुलांसाठी अनुरक्षण हाच एक आधार उरतो, म्हणून तो वेळेवर मिळायला हवा.

कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांबद्दल थोडक्यात. कलम २४ नुसार, अत्यंत गंभीर गुन्ह्यांत प्रौढ म्हणून खटला चाललेल्या सोळा वर्षांवरच्यांचा अपवाद सोडता, बालपणीच्या प्रकरणामुळे कुणालाही नोकरी वा शिक्षणासाठी अपात्र ठरवता येत नाही. कुणी तसं केलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. मुलींना आणि स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ज्याची सोय कुठल्याही तरतुदीत पुरती बसत नाही

संस्थेतलं आयुष्य घंटेवर चालतं. उठायची, जेवायची, अभ्यासाची, झोपायची, प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली असते. शेकडो मुलं सांभाळायची तर ते समजण्यासारखं आहे. पण त्यात मुलाला स्वतः ठरवायची सवय लागत नाही. महिन्याचे पैसे पुरवायचे कसे, घरमालकाशी बोलायचं कसं, अंगात ताप असताना एकट्याने डॉक्टरकडे कसं जायचं, साहेब रागावले तर नोकरी सोडायची की नाही, हे घरात कुणी शिकवत नाही, ते पाहून पाहून येतं. संस्थेत पाहायलाच मिळत नाही. म्हणून ते मुद्दाम शिकवावं लागतं. चौदाव्या वर्षापासून मुलांना थोडा हातखर्च देऊन त्याचा हिशेब त्यांनाच ठेवायला लावणं, दवाखान्यात आणि बँकेत त्यांनाच बोलायला लावणं, शेवटच्या वर्षी संस्थेच्या आवारातच वेगळ्या खोलीत स्वतः रांधून राहायला देणं, हे करायला कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

त्याहून अवघड आहे ते एकटेपण. दहा वर्षं पन्नास जणांच्या हॉलमध्ये झोपलेला मुलगा एका रात्रीत भाड्याच्या खोलीत एकटा पडतो. कुणी सोडून गेल्याचा अनुभव त्याने लहानपणीच घेतलेला असतो, आता तो पुन्हा घेतो. या दिवसांत व्यसन, फसवणूक, चुकीच्या माणसांची संगत हे सगळं जवळ येतं, कारण ती माणसं निदान विचारपूस तरी करतात. नियमात नियमित संपर्कातला समुपदेशक आहे तो या पोकळीसाठी. पण कंत्राटी पदावरचा समुपदेशक वर्षभरात बदलतो आणि मुलाला आपली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. म्हणून मला वाटतं, बाहेर पडण्याआधी किमान एक माणूस नावानिशी ठरलेला असावा. संस्थेतल्या ताई, शाळेतले सर, आधी बाहेर पडलेला मोठा दादा, कुणीही चालेल. अट एकच, रात्री अकरालाही त्याने फोन उचलावा. आधी बाहेर पडलेल्या तरुणांचे गट या कामी फार उपयोगी पडतात. खोली कुठे मिळेल, कोणता ठेकेदार पगार बुडवतो, कुठल्या कार्यालयात कोणती खिडकी, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

उदयन केअर या संस्थेने २०१९ मध्ये पाच राज्यांत, महाराष्ट्रासह, संस्थांतून बाहेर पडलेल्या तरुणांचा अभ्यास केला. त्यात अनुरक्षणाच्या आठ बाजू धरल्या होत्या: निवारा, स्वतंत्र राहण्याची कौशल्यं, माणसांचा आधार, आरोग्य, मनाचं स्वास्थ्य, शिक्षण आणि कौशल्यविकास, आर्थिक स्वावलंबन, ओळख आणि कायद्याची जाण. आपल्या जिल्ह्यात यातलं काय काय मिळतं हे कुणीही ताडून पाहू शकतं. बहुतेक ठिकाणी एक-दोन बाजूंवरच गाडी थांबलेली दिसेल.

मुलींचा प्रश्न अजून टोकदार आहे. राहायला जागा नाही म्हणून अठरा पूर्ण होताच लग्न लावून देणं ही जुनी वहिवाट आहे आणि ते चांगल्या भावनेने केलं जातं. पण जिच्यापुढे दुसरा मार्गच ठेवला नाही तिने दिलेल्या होकाराला काय किंमत? काही मुलींना महिला राज्यगृहात पाठवलं जातं, तिथे संकटात सापडलेल्या सगळ्या वयांच्या स्त्रिया राहतात. शिकत असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला तिथे राहून कॉलेज करणं सोपं नसतं. तिला चार-सहा जणींबरोबर सुरक्षित फ्लॅट आणि जाण्या-येण्याची मोकळीक हवी असते. नियमांतली गटघरं मुलींसाठी आधी उभी करायला हवीत.

आणि ज्यांना कधीच एकट्याने राहता येणार नाही त्यांचं काय? अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस सापडलेल्या दिव्यांग मुलांना वाढवलं, त्यांना आपलं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षांवरच्या बेवारस दिव्यांग मुलांना संस्थेतच आयुष्यभर राहता यावं असा कायदा करा, अशी त्यांची कित्येक वर्षांची मागणी आहे. ती रास्त आहे. बौद्धिक दिव्यांग तरुणाला कॅलेंडर पाहून बाहेर काढता येत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते काम करते. संस्थांनी मूल सतरा वर्षांचं असतानाच हा अर्ज तयार ठेवावा.

इतर देशांनी काय केलं?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाविषयी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. बाहेर पडायची तयारी लवकरात लवकर सुरू करावी आणि ती संस्था सोडण्याच्या बरीच आधी व्हावी, असा त्यांचा आग्रह आहे. इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने प्रत्येक तरुणाला एक वैयक्तिक सल्लागार आणि एक लेखी आराखडा मिळू लागला. २०१७ च्या कायद्याने सल्लागाराची मदत पंचवीस वर्षांपर्यंत नेली. फॉस्टर कुटुंबाकडेच एकवीसपर्यंत राहायची सोयही तिथे २०१४ पासून आहे.

अमेरिकेतला अनुभव आपल्यासाठी अधिक बोलका आहे, कारण तिथे मोजून पाहिलं गेलं. इलिनॉय राज्यात फॉस्टर केअरमध्ये एकवीसपर्यंत राहता येत असे, शेजारच्या आयोवा आणि विस्कॉन्सिनमध्ये साधारण अठरालाच बाहेर पडावं लागे. २००२ पासून संशोधकांनी या तीन राज्यांतल्या ७३२ तरुणांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. इलिनॉयमधली मुलं कॉलेजपर्यंत पोहोचण्याचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं. अशा अभ्यासांतूनच पुढे २००८ चा कायदा आला आणि एकवीसपर्यंत मुलं ठेवणाऱ्या राज्यांना केंद्राचे पैसे मिळू लागले. आपल्याकडे बाहेर पडलेल्या मुलांचा पाच वर्षं मागोवा घ्यायची पद्धत पडली तर कोणत्या जिल्ह्यात काय लागू पडतं हे आपल्यालाही कळेल.

ही मदत मागायची कशी?

तुमच्या ओळखीत संस्थेत राहणारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा असेल, किंवा तुम्ही एखाद्या संस्थेत जात-येत असाल, तर पहिलं काम म्हणजे त्याला सांगणं, की अठरानंतरही तुला मदत मागता येते. हेच बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. मग त्याच्यासोबत बसून त्याचा वैयक्तिक संगोपन आराखडा अधीक्षकांकडून पाहायला मागावा. त्यात लिहिलेलं आणि त्याला हवं असलेलं जुळतं का? जुळत नसेल तर त्याने समितीपुढे स्वतः बोलावं. समितीने मुलाचं म्हणणं ऐकून घेणं अपेक्षितच आहे.

अर्ज साध्या कागदावर करता येतो. जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांच्या नावे तो लिहावा, एक प्रत बालकल्याण समितीला द्यावी आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. नाव, जन्मतारीख, संस्थेत राहिल्याचा काळ, सध्याचं शिक्षण, कुठली मदत हवी आणि किती काळ, हे मोजक्या शब्दांत लिहावं. 'मदत मिळावी' असं मोघम लिहू नये. 'डिप्लोमाची दोन वर्षं बाकी आहेत, तोवर गटघरात जागा आणि दरमहा साहाय्य मिळावं' असं लिहिलं की टाळाटाळ करणं कठीण जातं. कार्यालय कुठे आहे ते कळत नसेल तर १०९८ या हेल्पलाइनवर विचारता येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा बाल संरक्षण कक्ष जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चालतो, त्यामुळे अर्ज अडकला तर त्यांच्याकडे दाद मागता येते.

एकविसावं वर्ष संपत आलं आणि शिक्षण बाकी असेल तर मुदतवाढीचा अर्ज काही महिने आधीच द्यावा, सोबत कॉलेजचं बोनाफाइड आणि गुणपत्रिका जोडावी. अनुरक्षण नाकारलं गेलं तर लेखी आदेश मागून घ्यावा. इतर बाबतींत समितीच्या आदेशाविरुद्धचं अपील बाल न्यायालयात जातं, पण प्रतिपालकत्व, प्रायोजकत्व आणि अनुरक्षणाच्या निर्णयांविरुद्ध ते कलम १०१ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचं असतं. मुदत आदेशाच्या तारखेपासून तीस दिवसांची आहे.